नव्वद ग्रॅम कणीक

"...लागेल तेवढी म्हणजे किती, बुवा? ग्रॅममध्ये सांगा."

बुवांनी पानाचा डबा पुढं ओढला.

"साठ? नव्वद? शंभर?"

बुवांनी पानाचा डबा उघडला. देठ खुडलं. पानाला चुना लावला.

"हा चुना किती ग्रॅम लावलात, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"जीभ भाजली की जास्त झाला म्हणायचं," बुवा म्हणाले.

सुमेधानं पिशवीतून काटा काढला आणि ओसरीवर आपटल्यासारखा ठेवला. सोनाराकडे असतो तसला, छोटासा, आकडे दाखवणारा.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी रंगनाथ. मानवतमध्ये सगळे मला मास्तर म्हणतात. भुजंगबुवा पखवाज वाजवतात तेव्हा शेजारी बसून पेटीवर नगमा धरायचा, हे माझं काम. नगमा म्हणजे सुरांची एकच ओळ. तालाचं एक आवर्तन भरलं की पुन्हा तीच, पुन्हा तीच, न चुकता. वादकानं हव्या तेवढ्या गिरक्या घ्याव्यात, आपण खुंट्यासारखं जागेवर राहावं. तीस वर्षं मी खुंटा आहे. तेव्हा माझं सांगणं कुठं कडवट लागलं तर चालवून घ्या.

सुमेधा बुवांची शिष्या. इथलीच पोर. नऊ वर्षं याच ओसरीवर शिकली आणि पुण्याला गेली. तिथं एका मोठ्या नृत्यसंस्थेत पाच वर्षं साथीला होती. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून बाहेर पडली. म्हणाली, दुसऱ्याच्या पायांना ठेका देणं पुरे झालं. आता माझं मी वाजवणार. माझ्या रचना, माझ्या नावावर.

तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

पण आता तो काटा बघून डोकं फिरलं.

ज्यांना पखवाज माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. पखवाजाचं डावं तोंड मोठं असतं, त्याला धुमा म्हणतात. वाजवायच्या आधी धुम्यावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता पत्रा बडवल्यासारखा वाजतो. कणीक वाळत जाते तसा आवाज उतरत जातो. मग पाण्याचा हात लावायचा, नाहीतर नवी थापायची. वाजवून झालं की सगळी खरवडून काढायची आणि गाईला घालायची. उद्याची उद्या.

"पंधरा दिवसांपूर्वी पुण्यात माझा पहिला एकल कार्यक्रम झाला," सुमेधा म्हणाली. "बाविसाव्या मिनिटाला धुमा गेला."

"मग?"

"मग काय? वाजवलं तसंच. चौपन्न मिनिटं पुरी केली."

"बत्तीस मिनिटं मेलेला धुमा बडवलास?"

"थांबणार कशी? माझी रचना अखंड आहे, बुवा. चौपन्न मिनिटं, मध्ये कुठं श्वास नाही. तेच तर तिचं वेगळेपण. असं वाजवणारं दुसरं कुणी नाही."

"लोक काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या. सभ्य लोक होते. एकानं पेपरात लिहिलं, वादिका उत्साही आहेत."

उत्साही! कलावंताला याहून मोठी शिवी नाही. कुणी धड शिव्या घातल्या तर माणूस भांडू तरी शकतो. उत्साही म्हटल्यावर काय करणार?

"आज संध्याकाळी परभणीत दुसरा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "आयोजक म्हणाला, हा जमला तर पुढची चार गावं. नाही जमला तर इथंच संपलं. आणि संस्थेच्या बाईंचा काल फोन आला. गोड बोलतात फार. म्हणाल्या, बाळा, तुझी जागा रिकामी ठेवलीये, हौस फिटली की ये."

"हौस," बुवा म्हणाले.

"हौस म्हणाल्या त्याला! मी परत गेले तर संपले, बुवा. पुन्हा कधी माझं म्हणून काही वाजवायची नाही मी. म्हणून विचारतेय. कणीक किती लावली तर चौपन्न मिनिटं टिकेल?"

"लागेल तेवढी."

मग तिचा बांध फुटला.

"नऊ वर्षं हेच ऐकत आले मी! लागेल तेवढी, पुरेल तेवढी, मागेल तेवढी! बोल शिकवलेत, ते तोंडानं म्हणायची पढंत शिकवलीत, हात कसा ठेवायचा ते कानाला धरून शिकवलंत. आणि ज्याच्यावर सगळा आवाज उभा आहे तेवढंच नेमकं सांगितलं नाहीत. हातचं राखून शिकवलंत तुम्ही मला."

बुवांनी पान तोंडात टाकलं.

"सगळे गुरू असंच करतात म्हणे. शेवटची किल्ली कमरेलाच ठेवायची. मला वाटायचं, माझे बुवा तसले नाहीत."

बुवा पान चघळत राहिले.

"मुलगा असते ना, तर सांगितलं असतंत."

मी खुंटा असलो तरी लाकडाचा नाही. हे ऐकल्यावर मला राहवेना.

"सुमे, जीभ आवर! बुवांनी देवळातली सेवा का सोडली, ठाऊक आहे तुला?"

"मास्तर," बुवा म्हणाले.

"नाही बुवा, आज मी बोलणारच. अगं, तू शिकायला लागलीस त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पंचांनी सांगितलं, पोरीला देवापुढं पखवाजावर बसवायचं नाही. बुवांनी एका शब्दानं हुज्जत घातली नाही. पखवाज उचलला आणि पायऱ्या उतरले. एकतीस वर्षांची सेवा होती ती! आणि तू त्यांना मुलगा-मुलगी..."

बुवांनी डब्याचं झाकण असं आपटलं की आतला अडकित्ता वाजला.

"तुम्हाला कुणी विचारलं, मास्तर?"

"पण ती बोलायलीय काय, ते तरी..."

"उपकार मोजून दाखवायचे असते तर हा काटा मीच आणला असता."

चूक तिची आणि बोलणी मला. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय.

सुमेधाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मला हे... कुणी सांगितलं नाही."

"नसू दे. ते ठाऊक झालं म्हणून धुमा वाजत नसतो," बुवा म्हणाले. "आधी हे सांग, नव्वद कुठून आणलंस?"

"काय?"

"मघाशी साठ, नव्वद, शंभर म्हणालीस. नव्वद म्हणताना अडखळलीस."

ती खाली बघायला लागली.

"सहा वर्षांपूर्वी गोकुळाष्टमीला तुम्ही मोंढ्याच्या बाजारात वाजवलं होतंत. आठवतं? दोन तास. त्या दिवशी धुमा काय बोलत होता! वाजवून झाल्यावर कणीक खरवडून माझ्या हातात दिलीत. गाईला घाल म्हणालात."

"घातलीस ना?"

"घातली... आधी वाण्याच्या काट्यावर ठेवली. नव्वद ग्रॅम भरली. वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून नव्वदच लावते."

आतून सरूकाकू आल्या. बुवांच्या मालकीण. हाताला पीठ तसंच.

"गाईच्या तोंडचा घास वाण्याच्या काट्यावर चढवलास?" काकू म्हणाल्या. "पोरी, काय म्हणावं गं तुला!"

मला वेगळंच सुचलं.

"सुमे, ती कणीक वाजवून झाल्यावरची. म्हणजे दोन तास वाळलेली. त्यातलं पाणी उडून गेलेलं. तू वाळलेली मोजलीस आणि ओली लावत आलीस?"

"तेव्हा लक्षात आलं नाही," ती म्हणाली.

सहा वर्षं! नाचाच्या साथीत दहा-बारा मिनिटांचे तुकडे असतात, तिथं कशीही लावली तरी निभावतं. म्हणून हिचं पितळ झाकलं गेलं. आणि आम्ही इकडं गावभर सांगत होतो, आमची पोरगी पुण्यात नाव काढायलीय. मला हसावं की रडावं ते कळेना. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसल्या.

सुमेधा हट्टानं काकूंकडे वळली.

"काकू, तुम्ही सांगा. कणीक तुम्हीच मळून देता ना? पाणी किती घालता?"

"मी कुठं वेगळी मळते? पोळ्यांचीच कणीक. मीठ घालायच्या आधी एक गोळा काढून ठेवते ह्यांच्यासाठी."

"हो, पण पाणी?"

"कणीक मागेल तेवढं."

सुमेधानं कपाळावर हात मारला.

"या घरात एक तरी माणूस सरळ उत्तर देतं का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आयोजकाचा होता. ती अंगणात लिंबाखाली जाऊन बोलायला लागली. आवाज चढलेला, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हो, अखंड... हो, चौपन्न मिनिटं, एकदाही न थांबता... लिहा ना बोर्डावर, मोठ्या अक्षरात लिहा... नाही हो, या वेळी तसं होणार नाही. मी बंदोबस्त करूनच येतेय."

परत आली तेव्हा बुवा तिच्या काट्याकडं बघत होते.

"मोज," ते म्हणाले.

"काय?"

"नव्वद. ओली. तुझ्या हातानं मोज, तुझ्या हातानं लाव. आणि वाजव तुझी चौपन्न मिनिटं. मास्तर, पेटी घ्या."

"आत्ता? इथं?"

"संध्याकाळी चारशे लोकांपुढं बघण्यापेक्षा आत्ता तिघांपुढं बघू."

काकूंनी गोळा आणून दिला. सुमेधानं काट्यावर ठेवला. त्र्याण्णव. वाटाण्याएवढा तुकडा तोडला. एक्क्याण्णव. आणखी थोडा खुडला. नव्वद. तिच्या तोंडावर अशी काही तृप्ती आली की मला पुन्हा संताप आला. कणकेचं काय सोनं करायचं होतं?

तिनं धुम्यावर कणीक थापली, बोटांनी गोल केली, कडा दाबल्या. उजवीकडचं तोंड हातोडीनं सुरात मिळवून घेतलं. मी चौतालाचा नगमा धरला.

वैशाखातली सकाळ. अकरा वाजले असतील. ओसरीवर पंखा होता, पण वारा सगळा तव्यावरून आल्यासारखा.

आणि पोरगी वाजवायला लागली.

आता खरं ते सांगतो, रागावलोय म्हणून खोटं बोलणार नाही. पोरगी वाजवते. तीस वर्षांत मी पुष्कळांना नगमा धरला. काही नुसते मोजणारे, काही नुसते बडवणारे. हिचं तसं नाही. पहिल्या दहा मिनिटांत तिनं चौतालाचं असं काही घर बांधलं की मी माझी ओळ वाजवता वाजवता ऐकत राहिलो. जुनाच ताल, जुनेच बोल, पण मांडणी तिची. कुणाची उचललेली नाही. धुमा असा घुमत होता की ओसरीच्या फरशीतून मांडीला लागत होता. काकू पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या राहिल्या होत्या.

मनात म्हटलं, नृत्यसंस्थेच्या बाईंना बोलवा कुणीतरी. ही हौस म्हणे!

अठरा मिनिटं झाली असतील. एकोणीस.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. धुमा बसायला लागला होता. घुमणं कमी झालं, मग तुटक झालं, मग नुसती थाप ऐकू यायला लागली. कणीक कडेनं पांढरी पडून सुटायला लागली होती.

सुमेधानं ओठ आवळले आणि हात आणखी जोरात टाकला.

तेवढं एक पाण्याचं बोट लावायचं होतं. तांब्या तिच्या उजव्या गुडघ्याजवळ भरलेला होता. पण रचना अखंड! बोर्डावर लिहिलंय!

वीस. एकवीस. तेवीस.

आता ती वाजवत नव्हती, मारत होती. बोल सगळे जागच्या जागी, लय सुईएवढीही ढळलेली नाही आणि आवाज मात्र डालड्याच्या रिकाम्या डब्याचा. मला तिची कीव यायला लागली, आणि कीव आली म्हणून आणखी राग.

पंचविसाव्या मिनिटाला बुवा उठले.

मला वाटलं, पान थुंकायला चालले. गुडघ्यावर हात देत ते तिच्यासमोर येऊन बसले. आणि आपला उजवा हात, पंजा पसरून, धुम्यावर ठेवला.

तिचा हात वरून येतच होता.

थाप बुवांच्या हातावर पडली.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. माझी बोटं दोन मात्रा पुढं गेली आणि थांबली. माझा नगमा तीस वर्षांत कधी तुटला नव्हता. त्या दिवशी तुटला.

"हात का घातलात मध्ये?" सुमेधा ओरडली. "एकोणतीस मिनिटं राहिली होती! मी निभावलं असतं! पुण्यात निभावलं तसं इथंही..."

बुवांनी हात उचलला नाही.

मग तिचं लक्ष त्या हाताकडं गेलं. सत्याहत्तर वर्षांचा हात. बोटांच्या पेरांवर लाल वळ उठला होता.

तिचा आवाज एकदम खाली आला.

"बुवा... लागलं का?"

"माझा हात आला तर थांबलीस," बुवा म्हणाले. "लागलं का म्हणून विचारलंस. या धुम्याला सहा मिनिटं मारायलीस. त्याला विचारलंस का?"

काकू आत जाऊन हळद आणि तेल घेऊन आल्या. त्यांचाही पारा चढला होता.

"हात मोडून घ्यायचं वय आहे का हे?" त्या बुवांना म्हणाल्या. "तोंडानं थांब म्हणता येत नव्हतं?"

"तोंडानं सांगून नऊ वर्षं झाली," बुवा म्हणाले.

काकूंनी हळद लावली. बुवांनी हूं की चूं केलं नाही. सुमेधानं धुम्यावरची कणीक खरवडायला घेतली. कडक झाली होती, नखांनी काढावी लागली. ती काढत असताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"थांबेन मी," ती म्हणाली. "बोर्ड गेला खड्ड्यात. लोकांपुढं थांबेन. खरवडीन, नवी लावीन, पुन्हा सुरू करीन. लोकांना बघायचं तर बघू देत. आयोजकाला काय करायचं ते करू दे."

"आणि ती चार गावं?" मी विचारलं.

"गेली तर गेली. बाईंकडं परत जाणार नाही. शिकवण्या घेईन, लग्नात सनईबरोबर वाजवीन, काहीही करीन. पण मेलेला धुमा नाही वाजवणार आता."

मघापासून मी हिच्यावर चिडलेलो. तो राग कुठं गेला ते माझं मला कळलं नाही.

"पण बुवा, माझं एक ऐका," ती म्हणाली. तिनं हात जोडले होते, कणकेनं माखलेले. "मला वाजवताना कळत नाही. रंगात आले की धुमा माझ्या ध्यानातच राहत नाही. तुम्ही आज पहिल्या रांगेत बसा. आवाज उतरला की नुसता हात वर करा. मी त्या क्षणी थांबेन."

"नको," बुवा म्हणाले.

"म्हणजे येणार नाही?"

"येईन की. हात वर करणार नाही."

"का?"

बुवांनी पानाचा डबा जवळ ओढला.

"का, बुवा? मी सगळं सोडायला तयार झाले. काटा नको, आकडा नको. नुसता हात वर करा म्हणतेय! तेवढंही नाही करायचं? आता काय राखून ठेवताय?"

आणि या वेळी मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. शिष्यानं चूक कबूल केली, तरी गुरूचा ताठा तसाच? हे कुठलं शिकवणं?

"बुवा, आता मात्र हद्द झाली," मी म्हटलं. "पोरगी पदर पसरून मागायलीय. हात वर करायला तुमचं काय जातं? खुशाल बोला मला, पण हे मला पटलेलं नाही."

बुवांनी माझ्याकडं पाहिलं.

"मला धुमा ऐकू येत नाही, मास्तर."

"काय?"

"दोन वर्षं झाली. तुमचं बोलणं येतं. पेटी येते, टाळ येतो, पाखरं येतात. खालचा आवाज येत नाही. डॉक्टर म्हणाले, आता यायचा नाही."

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षं! गेल्या गोकुळाष्टमीला बुवा तासभर वाजवत होते आणि मी शेजारी होतो. धुमा घुमला की मान हलवून मी दाद देत होतो. आणि ज्याला दाद देत होतो त्याच्या कानात तो आवाज पोचतच नव्हता. मला संताप आला. बुवांचा आला, कारण त्यांनी मला सांगितलं नाही. माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. तीस वर्षं एखाद्याच्या मांडीला मांडी लावून बसावं आणि एवढंही कळू नये?

"पण मग आत्ता..." सुमेधा म्हणाली. "आत्ता माझा धुमा उतरला, ते तुम्हाला कळलं कसं? नेमकं सहा मिनिटं म्हणालात."

बुवांनी हळद लावलेला हात सावकाश मांडीवर ठेवला.

"तुझ्या तोंडाकडं बघून. कळलं तुलाच होतं."